वाढदिवसांचा फळा

माझ्या दुकानावर पाटी कधी लागलीच नाही. पनवेलला टपाल नाक्याजवळ, एका चपलांच्या दुकानाच्या पाठीमागे माझा गाळा होता. ज्याचं काम अडलेलं असे तो विचारत विचारत बरोबर यायचा. तिथं मी तीसेक वर्षं अ‍ॅम्प्लिफायर, कीबोर्ड आणि गिटारी दुरुस्त केल्या. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "मेकॅनिक कधी येतील?" मी म्हणायची, "आल्यात. बसा." आयटीआयच्या आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे या प्रश्नाची मला आधीपासून सवय होती.

पाटी नव्हती, पण फळा होता. दुरुस्त होऊन तयार असलेल्या वस्तूंची यादी लिहायला मी तो शाळेच्या जुन्या सामानातून आणला होता. पुढे त्याच्यावर काय काय लिहिलं गेलं, त्याचीच ही हकिकत आहे.

त्याआधी धंदा काय होता ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. इलेक्ट्रिक गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तारांखाली लोहचुंबक असतात, तार हलली की त्यातून अगदी किरकोळ वीज निघते. ती केबलीतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते, तिथं मोठी होते आणि स्पीकरच्या खोक्यातून बाहेर येते. यातलं काहीही बिघडू शकतं, पण बहुतेक वेळा बिघडते ती केबल. आणि केबल बिघडली आहे असं सांगितलं की गिऱ्हाइकाचं तोंड पडतं. एवढ्या लांबून आलो आणि रोग निघाला तो हा, असं त्याला वाटतं. म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायर उघडून, आत दोन मिनिटं गंभीरपणे बघून मगच केबल बदलायची.

केबल लांब असली की ती हवेतली नसती भुणभुण गोळा करते. आमच्याकडच्या हळदीच्या मांडवात तर जनरेटर, दिव्यांच्या माळा, सगळंच एका वायरीवर. पनवेल-उरणच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण असतं. तिथं वाजवणाऱ्या सगळ्या पार्ट्या माझ्याकडे यायच्या, आणि सगळ्यांची एकच तक्रार असायची, "ताय, घूं करतंय." मी सगळ्यांच्या केबली कापून आखूड करून दिल्या. हिराजी घरत म्हणून या भागातले सर्वांत नावाजलेले गिटारवाले होते, त्यांची केबल मी स्वतः मोजून सहा फुटांची केली. घूं गेलं. त्या कामाचा मला फार अभिमान होता.

आता फळ्याकडे येते.

खारघरच्या कॉलेजमधली तन्वी नावाची मुलगी एकदा एक लोखंडी डबी घेऊन आली. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची, पायाने दाबायची डबी. "बटण अडकतंय," एवढंच ती म्हणाली. मी बटण नीट केलं. मग लावून बघितली, तर आवाज फाटून चिंध्या. अरेरे, म्हटलं, पोरीला कळलेलंसुद्धा दिसत नाही. दोन दिवस खपून, आतले भाग बदलून मी आवाज धुतल्यासारखा स्वच्छ करून दिला. तन्वीने वाजवून बघितलं आणि ती रडायलाच लागली.

"ताई, तो फाटायलाच हवा होता!"

ती डबी आवाज फाडण्यासाठीच बनवलेली होती. सिग्नल मुद्दाम एवढा वाढवायचा की तो वरच्या मर्यादेवर आपटून चपटा होतो, आणि त्यातून जे खरखरीत, रागीट काहीतरी निघतं त्यासाठी लोक पैसे देतात. मी सगळे जुने भाग कचऱ्यातून शोधून परत लावले. ते लावताना तिला विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" ती एका परदेशी गिटारवाल्याचं नाव घेऊन म्हणाली, "आणि ताई, आज त्याचाच वाढदिवस आहे. आजच तुम्ही त्याचा आवाज स्वच्छ केलात."

मला एवढी शरम वाटली की प्रायश्चित्त म्हणून मी त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. तयार वस्तूंच्या यादीवर, ठळक अक्षरात: आज यांचा वाढदिवस.

या लोकांची नावं मी इथं देत नाही. माझं स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही भरवशाचे नाहीत, आणि खारघरहून फोन सुरू होतील. पण त्या दिवसापासून प्रथाच पडली. रॉकवाले, पॉपवाले, सोलवाले, ज्याचा वाढदिवस त्याचं नाव फळ्यावर, आणि त्या दिवशी दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू त्याच्याच गाण्यावर तपासायची. मला ती गाणी आधी ठाऊक नव्हती. मी लहानपणापासून नाट्यसंगीतावर वाढलेली. पण कुतूहल हा माझा जुना रोग आहे. अमुक बाईचा आवाज असा गळ्यातून न येता पोटातून का येतो? तमुक माणूस ढोलाच्या ठोक्याच्या जरासा मागे का गातो, आणि तरी चुकल्यासारखा का वाटत नाही? मी विचारत सुटायची. मुलं सांगायची, कधी भांडायची, आणि माझी कामं मात्र तुंबायची.

खारघरचेच एक देशपांडे होते, बँकेतून निवृत्त झालेले. एका अमेरिकन सोल गायिकेवर, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भजनांतून निघालेलं गाणं गाणाऱ्या बाईवर, यांची अपार भक्ती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला ते केक आणि मेणबत्ती घेऊन माझ्या दुकानात यायचे, कारण घरी सून हसते. पहिल्याच वर्षी आमचं वाजलं.

"गेलेल्या बाईच्या नावानं मेणबत्ती फुंकायची?" मी म्हटलं. "माझ्या दुकानात दिवा विझवायचा नाही. आणि गेलेल्या माणसाची जयंती असते, वाढदिवस नसतो."

"ताई, जयंती म्हटली की भाषण आलं, अध्यक्ष आला. मला फक्त केक खायचाय."

तोड त्यांनीच काढली. त्यांच्याकडे एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता, माझ्याकडेच दुरुस्तीला पडलेला. व्हॉल्व्ह म्हणजे आत काचेच्या नळ्या असतात. बटण दाबल्यावर लगेच आवाज येत नाही, नळ्या तापायला वेळ लागतो आणि मग त्या हळूहळू नारिंगी होतात. देशपांड्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, बटण दाबलं आणि आम्ही सगळे त्या नळ्या उजळायची वाट बघत उभे राहिलो. त्यानंतर दुकानातला प्रत्येक वाढदिवस असाच झाला. काही विझवायचं नाही, उलट पेटवायचं.

एकदा उन्हाळ्यात किरण आला. किरण हा हिराजी घरतांचा भाचा, त्यांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. फळ्याकडे बोट करून म्हणाला, "ताय, इकडं गोरं झालं, कालं झालं. आमचे मामाचा वाढदिवस कवा लिवनार?"

हिराजीदादा किती वर्षं माझ्याकडे येत होते! मिठागरावर वाढलेला माणूस. गोव्याच्या एका ट्रकवाल्याकडून घेतलेल्या गिटारीवर त्यांनी धवले वाजवायला सुरुवात केली. हळदीला गावच्या बायका गातात ती गाणी म्हणजे धवले. त्या बायकांच्या आवाजाला जसा शेवटी एक हेल असतो, तसा ते तार बोटाने ओढून काढायचे. आज या भागातली कुठलीही पार्टी ऐका, गिटारवाला तार तशीच ओढतो. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणतो, अशीच ओढतात. एखाद्याची नक्कल इतकी पसरली की मूळ माणूस दिसेनासाच होतो, तसं झालं होतं. तन्वीच्या देवांबद्दल मी शंभर प्रश्न विचारले होते, पण यांना एकही विचारला नव्हता.

हिराजीदादा आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "एक जून."

मी एक जूनला फळ्यावर नाव लिहिलं. पार्टी आली, देशपांडे आले, तन्वी आली. ढोलकीवाल्याने फळा वाचला आणि म्हणाला, "माजा पन आजच हाय." बँजोवाला म्हणाला, "आन् माजा!" गाणाराही तेच म्हणाला. सात जणांच्या पार्टीत पाच जणांचा जन्म एक जूनचा! तन्वी तर थक्कच झाली. देशपांडे मात्र हसू लागले, कारण त्यांचे वडील शिक्षक होते. जन्माची नोंद नसलेलं पोर शाळेत आलं की गुरुजी त्याची तारीख एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर बसतं, काम झालं. सरकारी कागदावर महाराष्ट्रातली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत.

सगळे हसले, हिराजीदादा सोडून. त्यांनी फडकं उचललं आणि स्वतःचं नाव पुसलं. "ह्यो गुरुजींचा दिस हाय," ते म्हणाले. "माजा नाय."

मग किरणने मला बाहेर बोलावून सांगितलं. मामांचा डावा कान गेला होता आणि उजवाही चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्ष. यंत्र लावलं तर बोलणं थोडंफार कळेल, वाजवणं कळणार नाही. "तेंचा वाढदिवस जन्मात कोनी केला नाय, ताय. आयकू येतंय तवर यकदा व्हावा. पन खोट्या दिसाला ते वाजवनार नाय."

"डावा आधी का गेला?" मी विचारलं.

"डॉक्टर बोल्ले, स्पीकर त्याच बाजूला आसंल, यकदम जवल."

सहा फुटांची केबल. गळ्यात गिटार अडकवून उभं राहिलं की तिच्यातले चार फूट अंगाभोवतीच जातात. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं त्या खोक्याला खेटून उभा होता, आणि तिथं त्याला मी बांधलं होतं. वर पुन्हा "आजून आवाज पायजे" म्हणून पोरं आली की ते खोके मीच मोठे करून दिले होते.  

पण करण्यासारखं एक होतं, खरा दिवस शोधायचा. आई हिराजीदादा लहान असतानाच गेलेली, गावाची जागा नव्या शहराच्या भरावाखाली गेलेली. उरली होती थोरली बहीण, म्हणजे किरणची मावशी, आपटा गावात दिलेली, यमुनाबाई. किरणच्या टेम्पोतून आम्ही तिघं गेलो. ऐंशी ओलांडलेली बाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी प्रश्न विचारला, तर सूपही खाली न ठेवता म्हणाली,

"यो? यो होलीचा."

"तारीख आठवते?"

"तारीख काय करतेस? होलीची पोर्निमा व्हती. सकालीच आईस मिठावर गेली, आनि उन चढला तशी टोपली ठेवून घरा आयली. सुईनीला बोलवाला मनाच धाडली, मी सात वर्सांची. यो झाला तवा होली पेटली व्हती, सगलं गाव बोंबलत व्हता." मग भावाच्या उजव्या कानाशी वाकून ती ओरडली, "तुजा पयला आवाज कोनी आयकलाच नाय रं!"

हिराजीदादांनी तिच्या हातातलं सूप धरलं. "इतकी वर्सं बोल्ली का नायस?"

"तू इचारलास कवा?"

परत येताना ते टेम्पोत पुढे बसून "होलीचा" असं दोनतीनदा स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. पण होळीला अजून नऊ महिने होते. मी म्हटलं, आता दिवस कळला आहे, तर लवकर करून टाकू, काय बिघडतं? त्यांनी मान हलवली. "खरा गावला. आता खोटा कशाला?"

मग सुरू झाली ती वाट बघण्याची तऱ्हा. माझ्याकडे सिग्नल जनरेटर होता. हवा तेवढा उंच किंवा खालचा सूर काढून देणारं हे यंत्र, स्पीकर तपासायचं. दर आठवड्याला हिराजीदादा यायचे, स्टुलावर बसायचे, मी एकेक सूर लावायची आणि ऐकू आला की ते बोट वर करायचे. डॉक्टरांचं काम मी करत होते हे मला कळत होतं, पण मला राहवायचं नाही. आधी घुंगरांचे, झांजांचे सूर गेले. दिवाळीच्या सुमाराला धवल्यातला बायकांचा आवाज गेला. त्या दिवशी ते बराच वेळ बोट तसंच अर्धं वर धरून बसले होते. माघात फक्त खालचे, ढोलाच्या पोटातले सूर उरले. प्रत्येक वेळी उठताना ते विचारायचे, "होली लांब हाय?" मी बोटांवर आठवडे दाखवायची.

मी दरम्यान एक केबल बनवली. तीस फुटांची, चांगल्या तांब्याची, वरून जाळी गुंडाळलेली, घूं न करणारी. अशी केबल मला आधीही करता आली असती का? आली असती. जाळीची वायर महाग पडते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून मी सोपा रस्ता धरला, कात्री लावली.

होळीच्या दिवशी सकाळी सगळे जमले. यमुनाबाईंनासुद्धा किरण घेऊन आला. तन्वीने फळ्यावर लिहिलं: आज यांचा वाढदिवस, हिराजी घरत. देशपांड्यांनी शटर अर्धं ओढलं, व्हॉल्व्ह लावले. नळ्या नारिंगी झाल्या. हिराजीदादा त्यांच्याकडे लहान मुलासारखे वाकून बघत होते. मी नवी केबल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती जोडली, आणि लांबी बघून हसत हसत उलगडत थेट शटरपर्यंत गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी एक तार छेडली.

खोलीभर आवाज झाला. त्यांचा चेहरा मात्र कोरा होता. त्यांनी परत छेडली, माझ्याकडे बघितलं. होळी यायला उशीर झाला होता, उरलेला कानही गेला होता.

मग ते हळूहळू परत आले, केबल गोळा करत, थेट खोक्यापर्यंत. नेहमीच्या जागी, डावी बाजू खोक्याला. गुडघा त्याला टेकवला. गिटार वर उचलून हनुवटी तिच्या लाकडावर दाबली, डोळे मिटले आणि धवला सुरू केला. एकही सूर चुकला नाही. हेल आला तिथं तार ओढली, तशी ओढायला या भागातली पोरं अजून शिकतच आहेत. यमुनाबाई बसल्या जागी गाऊ लागल्या. ते त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी दोघं बरोबर एका जागी थांबले.

वाजवून झाल्यावर मला गप्प बसवेना. कानात ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून मी खडू घेतला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या नावाखाली लिहिलं: केबल मी आखूड कापली होती. त्यामुळे तुम्हाला स्पीकरजवळ उभं राहावं लागलं. तुमचे कान माझ्यामुळे गेले.

हिराजीदादांनी ओठ हलवत ते वाचलं. मग फडकं घेतलं आणि माझ्या ओळी पुसल्या. स्वतःचं नाव ठेवलं.

"बाय," ते मोठ्याने म्हणाले, आता ते मोठ्यानेच बोलायचे. "मना कोनी बांधला व्हता काय? लांब जायाचा आसता तर मोठी केबल मीच मागितली आसती. मना तितंच बरा वाटायचा. छातीत वाजायचा."

हे खरं होतं, की माझी समजूत घातली, ते मला आजही माहीत नाही. आयुष्यभर प्रश्न विचारत आलेली मी, हा एवढा मात्र विचारला नाही. दुकान बंद करून आता दोन वर्षं झाली. फळा किरणच्या तालमीच्या खोलीत आहे. त्यावर परदेशी पाहुण्यांच्या तारखा येतात जातात, एक ओळ मात्र कोपऱ्यात कायम असते आणि तिच्यात आकडा नाही: होळी, हिराजी घरत.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी अ‍ॅम्प्लिफायरजवळ उभी होते, हात नॉबवर. हिराजीदादांनी तार पुन्हा छेडली आणि मांडवात सुरुवातीला नेहमी विचारायचे तसं विचारलं,

"बाय, आवाज येतंय का?"

मी मान डोलावून हो म्हटलं.

"मंग वाढव."

मी वाढवला.